दार घासतंय? रंधा खाली ठेवा

दार फरशीला घासायला लागलं की आपल्याकडे पहिला संशय लाकडावर. "पावसाळ्यात फुगलंय", "लाकूड कच्चं होतं", "सुतारानं फसवलं". मग कुणीतरी सुताराला बोलावतं, तो दाराच्या खालच्या कडेला रंधा मारतो, दोन महिने दार गुपचूप लागतं. दिवाळीच्या आत फरशीवर परत तीच कमानीसारखी रेघ. परत रंधा. लातूरला मी अशी दारं पाहिलीत ज्यांच्या खालून आता मांजर आरामात ये-जा करतं :)

माझं म्हणणं साधं आहे. बहुतेक वेळा दार बिघडलेलं नसतंच. दार आणि चौकट जिथे एकमेकांना धरतात ती जागा बिघडलेली असते, म्हणजे बिजागरीच्या स्क्रूची भोकं. आणि ही जागा घरच्या घरी, एका सुट्टीत, हाताशी ड्रिल मशीन असेल तर दोनशे रुपयांच्या आत पुन्हा पक्की करता येते. त्यासाठी सागवानी दार काढून रेडिमेड आणायची काही गरज नाही. सध्या गावाकडच्या प्रत्येक घरात हेच चाललंय म्हणून जरा पोटतिडकीने लिहितोय.

आधी परीक्षा करा. दार अर्धं उघडा, कडीच्या बाजूने दोन्ही हातांनी धरून वर उचला आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. बिजागरीची पट्टी लाकडापासून जराशी सुटताना दिसली, स्क्रूची डोकी हलली, तर रंधा नको. काहीच हललं नाही आणि तरी दार घासतंय, तर मात्र लाकूड खरंच फुगलेलं असू शकतं. त्यावर आपल्या मराठवाड्यात सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जानेवारीपर्यंत थांबणं. आपल्याकडची कोरडी हवा फुगलेलं लाकूड आपोआप जागेवर आणते. ऑगस्टमध्ये रंधा मारलेल्या दाराला एप्रिलमध्ये केवढी फट पडते, ते ज्यांच्या घरी धुळीचं वादळ आत आलंय त्यांना विचारा.

आता थोडं गणित. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष कुणाला नकोसं वाटत असेल तर हा परिच्छेद गाळा. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो. साडेसहा बाय तीन फुटांचं, ३५ मिलिमीटर जाडीचं भरीव दार धरलं तर वजन ४० किलोच्या आसपास जातं. हे वजन दाराच्या मध्यावर, म्हणजे बिजागऱ्यांच्या रेषेपासून दीड फुटावर लोंबतंय. वरची आणि खालची बिजागरी एकमेकींपासून साधारण पाच फुटांवर. म्हणजे वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर ओढणारा जोर झाला ४० गुणिले दीड भागिले पाच, बरोबर १२ किलो. खालच्या बिजागरीवर तेवढाच जोर, पण उलटा, आत दाबणारा. म्हणून खालचीचे स्क्रू वर्षानुवर्षं शाबूत राहतात आणि वरचीचे सैल होतात. १२ किलो ऐकायला फार नाही, पण हा जोर रात्रंदिवस आहे, रविवारीसुद्धा. वर २५ किलोचं पोरगं कडीला लोंबकळून झोका घेतं, तेव्हा आणखी १४ किलो. तिसरी बिजागरी मधोमध न लावता वरच्या बिजागरीच्या जवळ लावा असं जे जुने लोक सांगतात, ते याच्यासाठी.

आणि पोरांचं सोडा. आपल्या घरांतल्या आज्या उंबरा ओलांडताना काय धरतात ते बघितलंय कधी? दाराची कड. एक हात चौकटीवर, एक हात दारावर, मग पाऊल. दाराची वरची बिजागरी हा त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा कठडा आहे. ती ढिली आहे हे माहीत असून "बघू दिवाळीनंतर" म्हणणं मला तरी बरोबर वाटत नाही.

भोकं सैल का होतात? वजनामुळे, हे झालंच. पण त्याच्या आधी एक कारण आहे ते म्हणजे हातोडी. स्क्रू हा खिळा नव्हे. त्याचे आटे लाकडाच्या रेषांमध्ये शिरून बसतात, तीच त्याची पकड. आपल्याकडे पद्धत अशी की स्क्रू तीन-चतुर्थांश हातोडीने ठोकायचा आणि शेवटच्या दोन फेऱ्या पेचकसाने द्यायच्या, दिसायला छान. आत रेषा तुटून भुगा झालेला असतो. नवीन असताना धरतं, सात-आठ वर्षांनी सोडतं.

लातूरच्या आमच्या सुतारमामांना मी हे एकदा विचारलं, की मामा, तुम्ही स्क्रू ठोकता कशाला? ते हसले. म्हणाले, "इंजिनेर साहेब, एका दाराला तीन बिजागऱ्या, चोवीस स्क्रू. पिळत बसलो तर संध्याकाळ होती. पैसे दाराचे मिळतेत, स्क्रूचे नाही मिळत." आता यावर काय बोलणार? ज्याने कधी डेडलाईनच्या आदल्या रात्री "आत्ता चालतंय ना, मग राहू दे" म्हणत कोड पुढे ढकललाय, त्याने तरी मामांना नावं ठेवू नयेत. म्हणूनच माझं मत असं की हे काम घरमालकाने स्वतः करावं. त्याला कुशलता फार लागत नाही, वेळ लागतो. आणि सुताराचा वेळ आपण विकत घेत नाही, आपला शनिवार मात्र फुकट असतो.

तर पद्धत. दार काढायच्या आधी त्याच्या खाली कडीच्या बाजूने पाचर सारा, म्हणजे वजन पाचरीवर येईल आणि स्क्रू मोकळे होतील. एका वेळी एकच बिजागरी सोडवा, म्हणजे दार जागेवर राहतं आणि एकट्या माणसाला जमतं. सगळंच दार उतरवायचं असेल तर दोघं लागतात. ४० किलो पायावर पडले तर सोमवारी हापिसात लंगडत जावं लागेल.

जुना स्क्रू काढला की भोक नीट बघा. भुगा निघाला तर ठीक. काळपट, ओलसर, बोटाने दाबलं तर दबणारं लाकूड निघालं तर ते सगळं पटाशीने खरवडून चांगलं लाकूड लागेपर्यंत जा. नुसता जाड किंवा लांब स्क्रू मारून भागवायचा मोह होतो. चौकट जाड असेल तर लांब स्क्रू चालतोही, पण जाड स्क्रूचं डोकं बिजागरीच्या खोबणीत बसत नाही, वर राहतं, आणि मग दार पूर्ण मिटत नाही. त्यापेक्षा भोक भरा.

लहान स्क्रूला आगपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल, हा घरोघरचा उपाय अगदी बरोबर आहे. त्याला जुगाड म्हणून नाक मुरडू नका. मोठ्या भोकाला मात्र खुंटी हवी. भोक आठ-दहा मिलिमीटरपर्यंत स्वच्छ गोल मोठं करायचं आणि त्यात सागाचीच घट्ट बसणारी खुंटी फेव्हिकॉल लावून हलक्या हाताने ठोकायची (इथे हातोडी चालते, हौस भागवून घ्या). दोन गोष्टी फार कमी लोक करतात. एक, साग तेलकट असतो, त्यावर गोंद नीट धरत नाही, म्हणून आधी भोक आणि खुंटी दोन्ही थिनरच्या फडक्याने पुसून वाळू द्या. दोन, चोवीस तास हात लावू नका. आपली खरी परीक्षा इथेच होते, कारण दुपारी चारला खुंटी मारली की सहाला स्क्रू पिळायची खाज सुटते.

दुसऱ्या दिवशी बिजागरी जागेवर धरून पेन्सिलीने खूण, खुणेच्या बरोबर मध्यावर खिळ्याने टोचा, म्हणजे ड्रिलचं टोक घसरत नाही. आठ नंबरच्या स्क्रूला सागात ३ मिलिमीटरचं भोक पुरतं. किती खोल जायचं तेवढ्यावर ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळा. स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती किंवा अंगाचा साबण घासा. आणि मग पेचकस हाताने. मशीनने शेवटपर्यंत पिळलं तर एका क्षणात नवीन आटे पण खलास. आधी प्रत्येक बिजागरीला एकेकच स्क्रू लावा, दार दोन-चारदा उघडमीट करून बघा, मग बाकीचे.

ऑनसाइट डेन्व्हरला असलेला टीममधला एक मित्र परवा बोलता बोलता सांगत होता की तिकडची बर्फावर स्की करणारी मंडळी नेमकं हेच करतात. बूट नवीन घेतले की स्कीवरचं बूट धरणारं साधन काढून थोडं पुढेमागे बसवावं लागतं. स्की म्हणजे वरून प्लास्टिक आणि फायबर, आत बऱ्याचदा चक्क लाकूड. जुनी भोकं खुंटी आणि इपॉक्सीने बुजवायची, कारण पाणी आत गेलं तर लाकूड कुजतं. नवी भोकं जुन्यांना खेटून पाडायची नाहीत. कागदाचा साचा चिकटवून खुणा करायच्या, आणि ड्रिलला ९ मिलिमीटरवर थांबा लावायचा, नाहीतर भोक स्कीच्या तळातून बाहेर. काही जण हे दुकानात देतात, काही जण घरी गॅरेजमध्ये करतात, आणि दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना वेड्यात काढतात. बर्फ न पाहिलेल्या लातूरकराला हे सगळं ओळखीचं वाटावं याची मला गंमत वाटली. एक फरक मात्र मोठा आहे. माणूस पडला की स्कीवरच्या त्या साधनाने बूट सोडायचा असतो, नाहीतर पाय मोडतो. किती जोराला सोडायचं ते त्यावर मापाने लावलेलं असतं, आणि घरी भोकं पाडणारेही हे माप दुकानातल्या यंत्रावर तपासून घेतात. आपल्या बिजागरीने कधीच सोडायचं नसतं. म्हणून आपलं काम सोपं.

वस्तू शाबूत, पण जोड गेलेला, ही गोष्ट आमच्या जिल्ह्याने फार मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न, किल्लारी. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आमच्याकडे कुठल्याही मुलाला ती वेळ पाठ असते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, दमून सगळे झोपलेले. ६.२ तीव्रता, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली.

घरं होती दगड-मातीची, वर माळवद. भिंती दोन फुटांपासून पुढे जाड. पण ती जाडी फसवी होती. बाहेरून एक दगडांचा थर, आतून एक, आणि मध्ये दगडगोटे नि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. जमीन हलल्यावर दोन थर दोन दिशांना फुटले आणि डोक्यावर टनावारी माती. अनेक घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा होता, हे नंतर पाहणी करायला आलेल्या अभियंत्यांनी नोंदवून ठेवलंय. दगड तोच, लाकूड तेच. एकमेकांना धरणारं काही नव्हतं.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी उठवली गेली, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच कार्यक्रमात कमी नुकसान झालेली, लाखाहून जास्त घरं आहे तिथेच दुरुस्त आणि भक्कम करायचा भाग होता, तो फारसा कुणाला आठवत नाही. त्यात काय सुचवलं होतं बघा. भिंतीला ठराविक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात. भिंतींभोवती पट्टा फिरवायचा. लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके आधार ठोकायचे. माळवदावरची माती कमी करायची. भोक पाडा, भरा, दोन वस्तू एकमेकींना बांधा!

बऱ्याच कुटुंबांनी ते पैसे जुनं घर बांधून घेण्याऐवजी शेजारी एक नवी स्लॅबची खोली काढायला वापरले. ज्यांनी दगडांखालून स्वतःची माणसं काढली त्यांना "याच भिंतीत परत झोपा, आम्ही भोकं भरून दिलीत" हे पटणं अवघडच, आणि पुण्यात बसून मी त्यांना शहाणपण शिकवणार नाही. पण त्यातून जो धडा पुढच्या पिढीत उतरला तो चुकीचा उतरला असं माझं स्पष्ट मत आहे. दगड वाईट, लाकूड वाईट, सिमेंट चांगलं, एवढाच. आज औसा-निलंगा पट्ट्यात स्लॅबची दोन मजली घरं उभी राहतायत, आणि कॉलममधल्या रिंगा बांधताना टोकं आत १३५ अंशात वळवायची का नुसती ९० वर सोडायची याकडे कुणी बघत नाही. आयएस १३९२० हे भारतीय मानक १९९३ पासून हेच सांगतंय, टोकं आत वळवा, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते. सिमेंटच्या घरातसुद्धा प्रश्न जोडाचाच आहे. गावाकडे घर बांधताय? मग टाइल्सचा रंग निवडायच्या आधी एकदा साइटवर जाऊन रिंगांची टोकं बघून या.

असो. दाराकडे येतो. आता तुम्ही म्हणाल, आम्ही फ्लॅटवाले, आमच्याकडे कुठला साग? बरोबर. फ्लॅटमधलं फ्लश दार आतून भरीव दिसलं तरी बिजागरी धरणारं लाकूड फक्त कडेच्या पट्टीत असतं, दीड-दोन इंच रुंद. तिथलं भोक सैल झालं तर खुंटी चालते, नाहीतर बिजागरी दोन इंच वर किंवा खाली सरकवून ताज्या लाकडात बसवा आणि जुनी भोकं बुजवा. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांचं प्रकरण वेगळं. पार्टिकल बोर्ड एकदा पाण्याने फुगला की त्यात ना खुंटी धरत ना काड्या, तो तुकडा बदलणं हाच मार्ग. या बाबतीत किनवटच्या जंगलातला साग आणि लाकडाच्या भुशाचा बोर्ड यांची बरोबरी करू नये, तो सागाचा अपमान आहे. आणि चौकटीला वाळवी लागली असेल तर खुंट्या मारणं म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा.

सगळंच स्वतः करावं असंही मी म्हणत नाही. माझा नियम एकच: सुटलं तर खाली कोण असेल? सिलिंग फॅनचा हूक, झोपाळ्याच्या कड्या, बाल्कनीचं रेलिंग, इथे जाणकार माणूस बोलवावा आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून बघावं.

माझ्यापुढचा सध्याचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. नांदेडला काकांचं गाडीपुऱ्यातलं जुनं घर पाडायचं ठरलंय. त्याचं पुढचं दार दोन फळ्यांचं, सागवानी, आणि त्याला बिजागऱ्याच नाहीत. प्रत्येक फळीला वर-खाली लाकडाचाच खुंट ठेवलाय, खालचा उंबऱ्यातल्या खळग्यात फिरतो, वरचा चौकटीच्या आडव्या लाकडात. सगळं वजन सरळ उंबऱ्यावर. जो १२ किलोचा ओढा मी वर काढला, तो इथेही आहेच, पण तो आख्ख्या जाड लाकडाच्या कडेवर, एकाही स्क्रूवर नाही. सैल व्हायला भोकच नाही! ज्या कुणी हे बनवलं त्याला फ्री बॉडी डायग्रॅम कुणी शिकवला नव्हता.

जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेला, चौकटीसकट मागतोय. काकांना ते नव्या फ्लॅटमध्ये हवंय, पण इंटिरिअरवाला म्हणतो खुंट कापा, बिजागऱ्या मारतो, तासाभराचं काम. मी काकांना फोनवर सांगितलं, "काका, खुंट कापायचे नाहीत. एकदा कापले की सगळं वजन स्क्रूंवर येतं, मग त्याच्यात आणि रेडिमेड दारात काही फरक उरत नाही." फ्लॅटचा स्लॅब खोदता येत नाही हे खरं, पण जुनाच उंबरा फरशीवर ठेवून चौकट भिंतीला बोल्टने धरता येईल, खळग्यात पितळी वाटी बसवता येईल. अडचण उंचीची आहे. जुनं दार साडेपाच फुटांचं, वाकून आत जायच्या जमान्यातलं, आणि फ्लॅटचा रिकामा गाळा सात फुटांचा. काकू म्हणतात देवघराला लावा, तिथे वाकलेलं बरंच. व्यापारी मंगळवारी परत यायचाय. मी शनिवारी जाऊन मापं घेतोय, तोवर काकांनी त्याला थांबवून धरलंय.